सफरचंद आणि पफ पेस्ट्री : सांगलीत मिळणाऱ्या शीटचे परीक्षण

सफरचंदाच्या कागदासारख्या पातळ चकत्या मांडून भाजलेला टार्ट, कॅरॅमलमध्ये शिजवून ताटात पालथा घातलेला तार्त तातँ, आत दालचिनी-बेदाण्याचे सारण भरलेली त्रिकोणी घडी हे पदार्थ मोठ्या हॉटेलात पाहिले की ते घरच्या ओट्यावर होण्यासारखे नाहीत असेच वाटते. प्रत्यक्षात त्यांतले सफरचंदाचे काम कोणत्याही सुगरणीला सहज जमेल असे असते. अडते ते पफ पेस्ट्रीपाशी. मैद्याच्या पारीत लोण्याची वडी ठेवून ती लाटायची, तिची तिहेरी घडी घालायची, फ्रीजमध्ये विश्रांती द्यायची आणि हे सारे सहा वेळा करायचे, हा उद्योग उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकणाऱ्या सांगलीत फार जिकिरीचा आहे. म्हणूनच तयार पफ शीट आपल्या गावात मिळू लागली याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र या नावाखाली जे जे मिळते ते एकसारखे नाही, आणि कोणत्या पदार्थासाठी कोणती शीट घ्यावी हे दुकानात सांगणारे कोणी भेटत नाही. विश्रामबागेतल्या मोठ्या किराणा दुकानांत मिळणारी वनस्पती तेलाच्या चरबीची गोठवलेली शीट, पुण्याहून मागवावी लागणारी शुद्ध लोण्याची गोठवलेली शीट आणि गावातल्या बेकरीत सांगून ठेवल्यास मिळणारे खारीचे कच्चे पीठ, असे तीन पर्याय मी सफरचंदाच्या निरनिराळ्या पदार्थांसाठी वापरून पाहिले, त्याचे हे परीक्षण आहे.

आधी पफमध्ये नेमके काय घडते ते सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची सारी निवड त्यावरच अवलंबून आहे. आपल्या चिरोट्यात तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा पोळ्यांच्या मधे लावलेला असतो आणि तळताना त्या साट्यामुळे पदर सुटतात. पफ पेस्ट्रीत साट्याची जागा अखंड लोण्याचा थर घेतो. पारंपरिक पद्धतीने सहा वेळा तिहेरी घडी घातली की लोण्याचे ७२९ थर तयार होतात. इतके पातळ थर भट्टीच्या उष्णतेत गेले की मैद्यातले आणि लोण्यातले पाणी वाफ होऊन वर उठू पाहते, वितळलेली चरबी शेजारच्या दोन पापुद्र्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, आणि पेस्ट्री फुलते. यात बेकिंग पावडर किंवा यीस्टचा काहीही संबंध नाही. हे सगळे घडण्याची एकच अट आहे : भट्टीत जाईपर्यंत चरबी घट्ट राहिली पाहिजे. ती आधीच मऊ होऊन मैद्यात मुरली, तर पदार्थ खुसखुशीत होईल, पण पदर सुटणार नाहीत. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे मार्चपासून जूनपर्यंत आपल्या स्वयंपाकघराचे जे तापमान असते त्याच्या आतच. बेकरीत वापरले जाणारे पफ मार्जरीन, म्हणजे वनस्पती तेलापासून केलेली घट्ट चरबी, याहून बऱ्याच वरच्या तापमानाला वितळते आणि म्हणून कारागिराला हाताळायला सोपे जाते. सोय आणि चव यांतला सगळा झगडा या काही अंशांच्या फरकातून निर्माण होतो.

वनस्पती चरबीची गोठवलेली शीट सर्वांत सहज मिळते आणि तिची किंमतही सर्वसामान्य घराला झेपणारी आहे. बहुतेक पाकिटांवर हिरवे चिन्ह असते, म्हणजे शीटमध्ये अंडे नसते, त्यामुळे सणावारीही ती निःशंकपणे वापरता येते. पाकीट उलटून घटकांची यादी वाचावी. तिच्यात पाम तेल, खाद्य वनस्पती चरबी असे शब्द आढळतील. ट्रान्स फॅटची, म्हणजे वनस्पती तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक चरबीची, भीती अनेकांच्या मनात असते. त्याबाबत अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जानेवारी २०२२ पासून एकूण चरबीच्या २ टक्क्यांहून अधिक औद्योगिक ट्रान्स फॅट असू नये अशी मर्यादा घातलेली आहे. तरीही पाम तेलातली संपृक्त चरबी काही कमी होत नाही, तेव्हा ही शीट रोज खाण्याची वस्तू नव्हे हे लक्षात ठेवावे. फुगण्याच्या बाबतीत मात्र तिला नावे ठेवायला जागा नाही. मी भाजलेल्या बहुतेक सगळ्या घड्या सरळ उभ्या फुगल्या, कडा स्वच्छ राहिल्या आणि रंग सर्वत्र सारखा आला. उणीव आहे ती चवीत. गरम असताना ही पेस्ट्री रुचकर लागते. पण गार झाल्यावर टाळूला चरबीचा पातळ लेप बसतो आणि तोंडात सफरचंदाची आंबटगोडी उमटण्याआधी तो लेप जाणवतो. साध्या टार्टमध्ये, जिथे मैदा, चरबी, फळ आणि साखर याखेरीज काहीच नसते, तिथे हा दोष झाकायला कशाचाच आधार राहत नाही.

या शीटबाबत खरी तक्रार आहे ती तिच्या साठवणुकीची. एका दुकानातून आणलेल्या पाकिटातल्या शीट एकमेकींना घट्ट चिकटलेल्या होत्या, कागदाच्या आतून बर्फाचे खडे जमले होते, आणि भाजल्यावर मधला भाग तेवढा वर आला, कडा चपट्या राहिल्या आणि ट्रेमध्ये तुपकट थारोळे साचले. माल मध्येच कुठेतरी विरघळून पुन्हा गोठला असल्याची ही सगळी लक्षणे आहेत. वाहतुकीत, वीज गेल्यावर, किंवा रात्री फ्रीझर बंद ठेवल्याने असे होते. एकदा वितळलेली चरबी मैद्यात मुरली की ती पुन्हा गोठवून थर परत येत नाहीत. म्हणून खरेदी करताना पाकीट हातात घेऊन पाहावे. ते फळीसारखे ताठ आणि सपाट असावे, आत सुटा बर्फ खुळखुळू नये, आणि कोपरे वाकडे झालेले नसावेत. खरेदीचा शेवटचा टप्पा म्हणून हे पाकीट घ्यावे, सोबत जाड कापडी पिशवी आणि शक्य असल्यास बर्फाची पिशवी न्यावी. माल घेण्यासाठी दुपारचे दोन ही वेळ एप्रिल-मेमध्ये निश्चितच टाळावी.

लोण्याची शीट हा वेगळाच अनुभव आहे. तिच्या घटकांत मैदा, लोणी, पाणी आणि मीठ एवढेच असावे. यादी जितकी आखूड तितका माल चांगला, हा नियम इथे फार कामाचा आहे. कायद्यानेच लोण्यात किमान ८० टक्के दुग्धचरबी असावी लागते, आणि उरलेल्या भागातले पाणी भाजताना वाफ होऊन पदर उचलायला मदत करते. सांगलीत ही शीट मला नियमित मिळाली नाही. पुण्याहून येणाऱ्या नातलगांकडून थर्माकोलच्या डब्यात मागवावी लागते आणि तिची किंमत वनस्पती चरबीच्या शीटच्या दुपटीहून पुष्कळच जास्त पडते. एवढे करून ती आणावी का, या प्रश्नाचे माझे उत्तर ठामपणे होकारार्थी आहे, पण केवळ दोन पदार्थांसाठी : पातळ टार्ट आणि तार्त तातँ. या दोन्हींत पेस्ट्री हा पदार्थाचा निम्मा जीव आहे. भट्टीचे दार उघडताच लोण्याचा जो खमंग, किंचित कढलेल्या तुपासारखा वास घरभर पसरतो, तो दुसऱ्या कोणत्याही चरबीला येत नाही, आणि गार झालेला तुकडासुद्धा जिभेवर विरघळतो, कारण लोणी शरीराच्या तापमानाच्या आतच वितळते. पण हीच गोष्ट हाताळताना आड येते. ही शीट ओट्यावर दहा मिनिटांत लुळी पडते. तिच्यावर पंख्याखाली निवांत नक्षीकाम करता येत नाही. सकाळी लवकर, पोळपाटाऐवजी फ्रीजमध्ये गार केलेल्या ताटावर आणि सगळे साहित्य आधीच हाताशी ठेवूनच काम करावे लागते.

बेकरीच्या कच्च्या पिठाबद्दल मी मुद्दाम विस्ताराने लिहिणार आहे, कारण आपल्या गावातला हा सर्वांत दुर्लक्षित पर्याय आहे. खारी आणि पॅटिस ही पफ पेस्ट्रीचीच घरची रूपे आहेत, आणि ज्या बेकरीत ती स्वतः भाजली जातात तिथे रोज पहाटे हे पीठ लाटले जाते. आदल्या दिवशी सांगून ठेवले तर अनेक बेकरीवाले लाटलेली पट्टी वजनावर देतात. मी जिथून घेते त्या बेकरीतला कारागीर पट्टी वर्तमानपत्रावर न ठेवता मेणकागदात गुंडाळून देतो आणि प्रत्येक वेळी आवर्जून सांगतो, “ताई, घरी गेल्या गेल्या फ्रीजात टाका, नाहीतर घडी बसून जाईल.” हे त्याचे सांगणे कोणत्याही पाकिटावरच्या सूचनेइतकेच मोलाचे आहे. हे पीठ ताजे असते, गोठवण्याचा प्रश्नच नसतो, आणि किंमत तिन्हींत सर्वांत कमी पडते. त्यात मार्जरीन असते, त्यामुळे चवीचा दोष वनस्पती चरबीच्या शीटसारखाच, किंबहुना थोडा अधिकच, जाणवतो. शिवाय खारीसाठी केलेल्या पिठात मीठ बेताचे नसते आणि काही ठिकाणी जिरेही घातलेले असते, तेव्हा पॅटिससाठी लाटलेले बिनजिऱ्याचे पीठच मागावे. पट्टी जाड असते. ती घरी लाटताना लाटणे पुढे-मागे रेटू नये, आधी हलकेच दाबत जावे आणि मग एकाच दिशेने तीन मिलिमीटरपर्यंत पातळ करावी. पातळ टार्टसाठी हे पीठ चालत नाही. पण सारण भरलेल्या घडीसाठी मी आता दुसरे काही वापरत नाही. खारट पापुद्रा आणि आतले आंबटगोड सफरचंद यांचे चांगले जमते, आणि घडी गरमच खायची असल्यामुळे टाळूला लेप बसण्याची वेळ येत नाही.

सफरचंदाकडे वळताना आपल्या बाजाराचा विचार करणे भाग आहे. विष्णूअण्णा पाटील फळ मार्केटमध्ये असो की मंडईतल्या गाड्यावर, लाल सफरचंद म्हणजे बहुतेक वेळा डेलिशस कुळातले फळ असते, मग त्याला शिमला म्हणोत की काश्मीर. १९१६ साली सॅम्युअल स्टोक्स यांनी हिमाचलातल्या कोटगढ भागात अमेरिकेतून या जातीची रोपे आणली आणि पुढे तीच डोंगराची ओळख बनली. खायला हे फळ गोड आणि देखणे असते, पण त्यात आंबटपणा कमी, आणि शीतगृहात काही महिने राहिले की गर रवाळ होतो. भट्टीत अशा फळाच्या चकत्या आकार सोडून लगदा होतात. हिरवे ग्रॅनी स्मिथ याच्या अगदी उलट आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ १८६८च्या सुमारास मारिया अ‍ॅन स्मिथ या बाईंच्या जागेत उगवलेली ही जात आंबट, कडक आणि भाजल्यावरही फोड अखंड राखणारी आहे. ते आयात होऊन येते, महाग असते आणि सांगलीत प्रत्येक फळवाल्याकडे असेलच असे नाही. माझ्या मते तार्त तातँसाठी ते घ्यावेच. इतर पदार्थांना निम्मे हिरवे आणि निम्मे लाल, किंवा नुसते लाल सफरचंद आणि एका फळामागे एक चमचा लिंबाचा रस, एवढ्याने काम भागते. लाल फळ घ्यायचेच तर ते हंगामात घ्यावे. हिमाचलचा माल श्रावण-भाद्रपदात, गणपतीच्या आगेमागे येतो आणि काश्मीरचा नवरात्रापासून दिवाळीपर्यंत. या दिवसांतले ताजे फळ दातांखाली करकरते आणि भट्टीतही बऱ्यापैकी टिकते. हाताच्या अंगठ्याने देठाजवळ दाबून पाहावे, आणि दबले तर ते फळ नुसते खाण्यासाठी ठेवावे.

सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असते, आणि घरी केलेल्या टार्टचे बूड ओलसर व कच्चट राहते त्याचे कारण बहुतेक वेळा हे पाणीच असते. चकत्यांवर साखर भुरभुरून त्या तशाच अर्धा तास ठेवल्या की साखर पाणी ओढून बाहेर काढते आणि ते सगळे शीटमध्ये जिरते. म्हणून साखर भट्टीत सरकवण्याच्या क्षणी घालावी, आणि फळाखाली बदामाची भरड किंवा भाजलेला बारीक रवा यांचा पातळ थर द्यावा. गोड टोस्टचा चुराही उत्तम काम देतो, आणि तो तर प्रत्येक बेकरीत मिळतो.

पातळ टार्टची कृती अशी. शीट रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सोडवावी. ती दुमडताना तडकू नये आणि बोटाने दाबले असता बोट रुतू नये, ही तिची योग्य अवस्था. सुमारे २२ सेंटिमीटरचे ताट पालथे ठेवून गोल कापावा. सुरी ओढत नेऊ नये, सरळ खाली दाबून कापावे, कारण ओढल्याने कडेचे थर एकमेकांत चिकटतात आणि ती बाजू फुगत नाही. कडेपासून दीड-दोन सेंटिमीटर सोडून आतल्या भागाला काट्याने टोचे मारावेत, म्हणजे मधला भाग खाली राहतो आणि कड आपोआप उंच उठून टार्टला काठ येतो. मग चुरा पसरून दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्या एकमेकींवर अर्ध्या चढवत, बाहेरून आत गोलाकार मांडाव्यात. दोन मध्यम सफरचंदे पुरतात. वर दोन चमचे साखर आणि बिनमिठाच्या लोण्याचे शेंगदाण्याएवढे तुकडे. कडेला अंडे चालत नसेल तर दूध आणि थोडी साय एकत्र करून हलक्या हाताने ब्रश फिरवावा. हे मिश्रण कापलेल्या उभ्या बाजूवर ओघळू देऊ नये, तेही थर चिकटवते. मांडून झालेला टार्ट पुन्हा वीस मिनिटे फ्रीजमध्ये आणि तिथून थेट २०० अंशांवर तापलेल्या भट्टीत. तीस ते पस्तीस मिनिटांत तळ तपकिरी होतो. उलथन्याने कड उचलून तळाचा रंग पाहावा, कारण वरचा रंग बरेचदा फसवतो आणि फिकट तळ म्हणजे कच्चे पीठच.

टार्टला हॉटेलासारखी चकाकी यावी म्हणून परदेशी कृतींत जर्दाळूचा जॅम गरम करून लावायला सांगतात. त्याची मुळीच गरज नाही. लाल सफरचंदाच्या साली आणि बियांभोवतीचा गाभा एका पातेल्यात घ्यावा, बुडेल इतके पाणी, चार चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून मंद आचेवर वीस मिनिटे उकळावा आणि गाळून पुन्हा आटवावा. साली-गाभ्यातल्या पेक्टिनमुळे पाक दाट होतो आणि सालीचा रंग उतरून तो डाळिंबी दिसू लागतो. भट्टीतून काढल्याबरोबर हा पाक ब्रशने चकत्यांवर लावला की प्रत्येक चकतीची कड वेगळी उठून दिसते, आणि वास कृत्रिम जॅमचा न येता सफरचंदाचाच येतो. माझ्या सासूबाईंना पाश्चात्त्य गोडाची फारशी आवड नाही; त्यांनी हा टार्ट खाऊन पाहिला आणि “साखर कमी आहे, म्हणून फळ कळतंय,” असे म्हटले. या पदार्थाचे याहून नेमके वर्णन मी ऐकलेले नाही.

तार्त तातँ फ्रान्समधल्या लामोत-ब्यूव्रों या गावी, स्तेफानी आणि कारोलिन तातँ या बहिणींच्या हॉटेलामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्धीला आला. त्याला जाड बुडाचे, भट्टीत जाऊ शकेल असे प्लॅस्टिकच्या मुठीविना भांडे लागते. लोखंडी कढई वापरू नये असे मी सुचवेन. आंबट फळ तिच्यात बराच वेळ शिजले तर चव धातूसारखी लागते. शंभर ग्रॅम साखर कोरडीच वितळवून गडद मधाच्या रंगावर आणावी, गॅस बंद करून साठ ग्रॅम लोणी घालावे. घरी कढवायला ठेवलेल्या लोण्यात ताकाचा अंश असतो आणि ते कॅरॅमलमध्ये जोराने तडतडते, तेव्हा ते आधी थंड पाण्यात दोनदा धुऊन, दाबून पाणी काढून टाकावे. पाच-सहा सफरचंदांच्या मोठ्या फोडी दाटीवाटीने उभ्या रचून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे शिजवाव्यात. त्या आकसतात, म्हणून सुरुवातीला दाटी हवीच. पुरते गार झाल्यावरच वरून लोण्याची शीट घालावी आणि तिच्या कडा आत खोचाव्यात. गरम फळावर शीट ठेवली तर लोणी भट्टीत जाण्याआधीच वितळते आणि शीट पुण्याहून आणल्याचे सारे कष्ट वाया जातात. भाजून झाल्यावर दहा मिनिटे थांबून ताट झाकावे आणि एका झटक्यात पालथे घालावे. त्याहून उशीर केला तर कॅरॅमल भांड्याला धरून बसते, त्याहून घाई केली तर पाक मनगटावर येतो.

सफरचंदाचे गुलाब म्हणून जो प्रकार समाजमाध्यमांवर फार दिसतो, त्याबद्दल माझे मत अनुकूल नाही. पट्टीवर मऊ केलेल्या चकत्या ओळीने मांडून ती गुंडाळली की खरोखर गुलाब दिसतो आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका कौतुक करतात. परंतु गुंडाळलेल्या आतल्या वेढ्यांना फुगायला जागाच मिळत नाही; बाहेरच्या पाकळ्या करपू लागतात तरी गाभ्यातले पीठ कच्चट राहते. करायचाच असेल तर वनस्पती चरबीची शीट दोन मिलिमीटरपर्यंत लाटावी, पट्टी पाच सेंटिमीटरहून रुंद ठेवू नये, १९० अंशांवर भाजावे आणि पंचविसाव्या मिनिटाला वरून फॉइल झाकून आणखी पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. लोण्याची महाग शीट यासाठी वापरणे मला पटत नाही. स्ट्रुडेलच्या नावाने पफ शीटमध्ये गुंडाळून जे विकले जाते तेही मूळचे नव्हे. व्हिएन्नाचे स्ट्रुडेल पारदर्शक होईपर्यंत ताणलेल्या साध्या पिठाचे असते.

घडी मात्र आपल्या मातीशी जुळणारी आहे, कारण तिच्यात तासगावचा बेदाणा घालता येतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि ज्या जिल्ह्यात तो सौद्यात ढिगांनी विकला जातो तिथे बाहेरचे मनुके आणणे मला योग्य वाटत नाही. हिरवट, किंचित आंबट बेदाणा निवडावा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून निथळावा. दोन सफरचंदांच्या बोराएवढ्या फोडी एक चमचा लोण्यावर मोठ्या आचेवर परताव्यात, पाणी सुटून आटले की दोन चमचे साखर, लिंबाचा रस, चिमूटभर दालचिनी आणि त्याहून कमी जायफळ घालून कोरडे सारण करावे. ते पुरते थंड करून बेकरीच्या पिठाच्या दहा सेंटिमीटर चौकोनावर तिरपे भरावे, कडा दुधाने ओल्या करून दाबाव्यात, आणि वाफ जायला वर सुरीने दोन चिरा द्याव्यात. पहिली पंधरा मिनिटे २१० अंश, पुढे १८० अंशांवर रंग येईपर्यंत. पहिल्या पंधरा मिनिटांत दार अजिबात उघडू नये.

ओटीजीविषयी, म्हणजे घरातल्या विजेच्या लहान भट्टीविषयी, थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण शीट चांगली असूनही पदार्थ बिघडतो तो तिथेच. लहान ओटीजीत वरची कांडी ट्रेच्या इतकी जवळ असते की फुगलेली पेस्ट्री तिला जवळजवळ टेकते. ट्रे मधल्याच्या खालच्या खाचेत ठेवावा, दोन्ही कांड्या चालू ठेवून निदान वीस मिनिटे भट्टी तापवावी, आणि आकड्यांवर विसंबून न राहता भट्टीत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्यावा. माझ्या ओटीजीची तबकडी २०० दाखवते तेव्हा आत त्याहून बरेच कमी असते. पफला हा फरक सोसत नाही. कमी आचेवर चरबी आधी वितळून बाहेर येते आणि वाफ नंतर धरते.

उरलेल्या पेस्ट्रीला मायक्रोवेव्ह दाखवू नये, त्यात ती चामड्यासारखी चिवट होते. १७० अंशांवर सहा-सात मिनिटे भट्टीत ठेवली की पुन्हा कुरकुरीत होते. पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना, टार्ट दोन-तीन तासांतच मऊ पडतो, तेव्हा पाहुणे येण्याच्या बेतानेच भाजावा. शीटचे कापलेले तुकडे मळून गोळा करू नयेत. ते एकावर एक रचून लाटावेत, वर साखर-दालचिनी भुरभुरून, पिळा देऊन भाजावेत. चहाबरोबर ते खारीच्या जागी चालतात, आणि लोण्याच्या शीटचे असतील तर मुलांच्या हाती लागण्याआधी डब्यात भरून ठेवावे लागतात.